एक रुपयाही जास्त नाही?

मिक्सर घ्यायचा असो, मोबाइल, गादी किंवा केसगळतीवरचं तेल, मराठीत त्याचा व्हिडिओ शोधून पाहा. शेवटी एक वाक्य हमखास कानावर पडतं: लिंक खाली दिली आहे मंडळी, तिथून घेतलंत तर तुमचा एक रुपयाही जास्त जाणार नाही.

हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या गोड आवाजात म्हटलं गेलंय की त्यावर आता कुणी काही विचारत नाही. उलट अॅफिलिएट मार्केटिंग, म्हणजे लिंकवरच्या विक्रीमागे कमिशन घेण्याचा हा धंदा, करणारी मंडळीच हल्ली अन्याय झाल्याच्या सुरात बोलू लागली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की हा स्वच्छ धंदा आहे. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, घेणाऱ्याला माहिती मिळते, मधल्याला मेहनताना मिळतो, कुणाचंच नुकसान नाही. कमिशन कुठल्या धंद्यात नसतं? विमा एजंट घेतो, घरांचा ब्रोकर घेतो, मार्केट यार्डातला आडत्या घेतो. चार भामट्यांनी नाव घालवलं, त्याची शिक्षा आम्हाला का? माल खराब निघाला तर कंपनीला विचारा, आम्ही फक्त लिंक दिली. शिवाय कमिशनचं खाली लिहिलेलं असतंच, वाचत नाही तो तुमचा दोष. आणि गावाकडच्या पोरांना घरबसल्या चार पैसे मिळतायत, ते तुमच्या डोळ्यांत का खुपतं?

ऐकायला भक्कम वाटतं. धक्का देऊन पाहू.

आधी तो एक रुपया. कमिशन येतं कुठून? कंपनीच्या मालकाने वडिलोपार्जित जमीन विकून ते दिलेलं नसतं. ते किमतीत बसवलेलं असतं आणि किंमत सगळेच मोजतात, लिंकवरून येणाराही आणि स्वतःहून जाणाराही. लिंकवरून घेतलंत तर जास्त पडणार नाही, याचा अर्थ लिंकवरून नाही घेतलंत तरी कमी पडणार नाही, एवढाच. महाराष्ट्रात हा वाद भाजीपाल्यावरून आपण घालून झालेला आहे. आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की खरेदीदाराकडून घ्यायची, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने ती खरेदीदाराच्या गळ्यात घातली, तेव्हा बाजार समित्यांतल्या व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. आडत कुणाच्याच खिशातून जात नाही, असं म्हणण्याचं धाडस मात्र त्या भांडणात कुणा आडत्याने केल्याचं ऐकिवात नाही. ते इंटरनेटवरच्या आडत्यांनी केलं.

पण पैशांचं एक वेळ सोडून देऊ. गिऱ्हाईक या माणसाकडे येतं ते सल्ल्यासाठी. अमुक घेऊ की तमुक, की काहीच नको, हा त्याचा प्रश्न असतो. आणि या धंद्याचा पाया असा घातलाय की विक्री झाली तरच पैसे. ‘घेऊ नका, जुना अजून दोन वर्षं चालेल’ या सल्ल्याला दर शून्य. दुकानदार निदान दुकानाची पाटी लावून बसतो. इथे पाटी परीक्षणाची आणि गल्ला विक्रीचा.

याचं काय होतं ते अमेरिकेतल्या गाद्यांनी दाखवून दिलं आहे. तिथे ऑनलाइन गाद्यांचा बाजार फोफावला तशी गाद्यांची परीक्षणं करणारी संकेतस्थळंही फोफावली, बहुतेक अॅफिलिएट कमिशनवर. २०१६ मध्ये कास्पर या गादी कंपनीने अशा काही परीक्षकांवर दावे लावले. त्यांत स्लीपोपोलिस हे मोठं नाव होतं. कंपनीची तक्रार अशी, की आमच्याकडचं कमिशन बंद झाल्यावर हे लोक वाचकाला प्रतिस्पर्ध्यांच्या गाद्यांकडे वळवतात. पुढे तडजोड झाली. २०१७ मध्ये स्लीपोपोलिस विकलं गेलं आणि विकत घेणाऱ्याला कर्ज कुणी दिलं? कास्परने. त्यानंतर तिथे कास्परच्या गादीबद्दलचा सूर बदलला.  मधल्या काळात बदलले होते ते पैशांचे संबंध.

प्रामाणिक अपवाद म्हणून कुणी वायरकटरचं नाव घेईल. घ्यावं. २०११ मध्ये निघालेलं हे संकेतस्थळ न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये विकत घेतलं. ते अॅफिलिएट कमिशनवरच चालतं आणि वस्तू खरोखर वापरून, तपासून लिहितं. पण ते आपल्या विश्वासार्हतेचं कारण काय सांगतात? लिहिणाऱ्याला कमिशनच्या व्यवहाराची माहिती दिली जात नाही, हे. म्हणजे या धंद्यातल्या सर्वांत प्रतिष्ठित घरालाही लेखक आणि कमिशन यांच्यामध्ये भिंत बांधावी लागली. कमिशनचा मतावर काही परिणाम होत नसता तर ती कशाला बांधली असती? आपल्याकडे बोलणारा, चित्रण करणारा, लिंक टाकणारा आणि महिनाअखेरीला डॅशबोर्ड उघडून कशावर किती सुटले ते पाहणारा माणूस एकच असतो. त्याने भिंत कुठे बांधायची, डोक्याच्या मध्यावर?

मग ते चार भामटे. एका नासक्या आंब्यामुळे अख्खी पेटी बदनाम, असा हा युक्तिवाद. पण इथे नासके आंबे पेटीच्या तळाशी सापडले नाहीत, ते वरच्या थरात मांडलेले होते. ईबे या ऑनलाइन बाजाराच्या अॅफिलिएट योजनेत सर्वांत जास्त कमिशन मिळवणारा माणूस होता शॉन होगन आणि दुसऱ्या क्रमांकावर ब्रायन डनिंग. होगनला ईबेकडून काही वर्षांत सुमारे २.८ कोटी डॉलर मिळाले. कशाबद्दल? त्यांची पानं किंवा त्यांनी फुकट वाटलेली विजेट पाहणाऱ्या लोकांच्या संगणकात, त्यांच्या नकळत, ईबेची ‘कुकी’, म्हणजे गिऱ्हाईक कुणी पाठवलं याची खूण, टाकली जायची. त्या माणसाने लिंक पाहिलेली नसे, दाबलेली तर नसेच. पुढे तो आपल्या मनाने ईबेवर जाऊन काही घेई आणि कमिशन यांच्या खात्यात पडे. गिऱ्हाईक आणलं नाही, नुसतं त्याच्या पाठीवर आपलं नाव चिकटवलं. ईबेने २००८ मध्ये दावा लावला, पुढे फौजदारी खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये होगनला पाच महिन्यांची, डनिंगला पंधरा महिन्यांची कैद झाली. हा डनिंग एक पॉडकास्ट चालवायचा. विषय होता चिकित्सक विचार: भोंदू दावे कसे ओळखावेत, पुरावा कसा तपासावा. असं पात्र कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, फार ठोकळेबाज झालं.

भुरट्यांनी फसवलं तर धंद्याचं दुर्दैव म्हणू. पहिला आणि दुसरा नंबर फसवणारे निघाले, तर मोजमापातच खोट आहे. या धंद्यात कमाईचा आकडा हीच गुणवत्ता. सर्वांत जास्त कमावणारा सर्वांत चांगला, म्हणून परिषदांत व्यासपीठावरही तोच.

हे जुनं झालं, आता सगळं सुधारलंय, असंही सांगितलं जातं. मग हनीचं पाहू. खरेदीच्या वेळी आपोआप कूपन शोधून देणारं हे ब्राउझर एक्स्टेन्शन. पेपालने ते सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतलं. २०१९ मध्ये घोषणा झाली, २०२० च्या सुरुवातीला व्यवहार पूर्ण. असंख्य यूट्यूबरांनी पैसे घेऊन हनीची जाहिरात केली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका यूट्यूबरने जाहीर आरोप केला, की गिऱ्हाईक पैसे भरण्याच्या टप्प्यावर आलं की हनी आपली कुकी शेवटची म्हणून बसवतं आणि आधी ज्या कुणाच्या लिंकवरून ते आलं असेल त्याचं कमिशन जातं, कूपन सापडो वा न सापडो. दावे दाखल झाले. दावा लावणारे कोण? यूट्यूबर आणि अॅफिलिएटच. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या नकळत काय होतं याची काळजी नव्हती, आपल्या नकळत काही झालं म्हटल्यावर वकील गाठले.

त्याहून मोलाचं आहे पेपालचं उत्तर. त्यांनी सांगितलं, आम्ही उद्योगाच्या नियमांप्रमाणे आणि प्रथेप्रमाणेच चालतो, शेवटच्या क्लिकला श्रेय देण्याची पद्धत सर्वमान्य आहे. बचाव म्हणून दिलेल्या या उत्तरासारखा आरोपपत्राला उपयोगी पुरावा दुसरा नसेल. म्हणजे कुणी माहिती दिली, कुणी दोन तास घालवून समजावलं, याला प्रथेत किंमत नाही. गल्ल्यापाशी शेवटी ज्याने हात लावला तो धनी. २०२५ च्या मार्चमध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियम कडक केले, की गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष फायदा दिल्याशिवाय आपला अॅफिलिएट कोड घुसवायचा नाही. जे सांगायची गरज पडू नये ते नियम करून सांगावं लागलं, यावरून प्रथा काय होती ते कळतं.

‘आम्ही फक्त लिंक दिली’ याला न्यायालयांनी उत्तर दिलेलं आहे. अमेरिकेत आसाई बेरीच्या वजन घटवणाऱ्या गोळ्या विकण्यासाठी अॅफिलिएटांनी बातम्यांच्या संकेतस्थळांसारखी दिसणारी खोटी पानं बनवली, त्यांत न घडलेल्या चाचण्या आणि न लिहिलेल्या प्रतिक्रिया घातल्या. मधलं जाळं चालवणारी लीडक्लिक कंपनी म्हणाली, आम्ही नुसते मध्यस्थ. २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते फेटाळलं आणि सुमारे १.१९ कोटी डॉलर भरण्याचा आदेश कायम केला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय काही काळ शिफारशीच करायला बंदी. शिफारस करण्याआधी खातरजमा केली होती हे त्याने दाखवलं तर सुटका आहे. किती जण दाखवू शकतील? ‘अनबॉक्सिंग’ म्हणजे खातरजमा नव्हे.

जुगाराच्या अॅपांचं तर बोलूच नये, पण बोलायला हवं. त्या धंद्यात अॅफिलिएटला ‘रेव्हेन्यू शेअर’ देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. रेव्हेन्यू म्हणजे काय? त्याने आणलेला खेळाडू जितकं हरेल त्यातला वाटा. ‘माझ्या कोडने खातं उघडा भावांनो’ म्हणणाऱ्याचं उत्पन्न त्या भावाच्या हरण्यावर उभं. कुणाचंच नुकसान नाही म्हणता ते हेच ना? २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. तोवर आयपीएलच्या हंगामात हे कोड मोबाइलवर पावसासारखे पडत होते आणि एकाही कोडवाल्याला ‘आपल्या उद्योगाची प्रतिष्ठा’ आठवली नव्हती.

आता ते ‘खाली लिहिलेलं असतं’. असतं, खरं. व्हिडिओ अस्सल मराठीत, विनोद मराठीत, ‘आईशप्पथ’ मराठीत आणि कमिशनची कबुली तेवढी इंग्रजीत, तीही वर्णनाच्या तळाशी, सतरा हॅशटॅगांच्या खाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अस्वीकरण (डिस्क्लेमर) जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत हवं असं म्हटलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या पुस्तिकेत तर फोड करून सांगितलंय: आर्थिक संबंधाचा उल्लेख नजरेतून सुटू नये, हॅशटॅग किंवा लिंकांच्या घोळक्यात दडवू नये, व्हिडिओ असेल तर नुसता वर्णनात न ठेवता चित्रात आणि आवाजात द्यावा. एवढं स्पष्ट असताना कबुली तळाशी आणि इंग्रजीत जाते, ती चुकून? बाकी व्हिडिओत तर एक अक्षर इंग्रजीत पडू देत नाहीत, प्रेक्षक दुरावेल म्हणून.

‘कमिशन कुठल्या धंद्यात नसतं’ हा सवाल मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या अंगावर येतं. विमा एजंटाला परीक्षा द्यावी लागते, तो कुठल्या तरी कंपनीचा एजंट आहे हे उघड असतं, आणि तो तुमच्याच गल्लीत राहतो. पॉलिसी वाईट निघाली तर त्याला बारशाला, मयताला तुमच्यासमोर यावं लागतं. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला एआरएन हा नोंदणी क्रमांक लागतो. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने गुंतवणूकदाराच्या पैशातून आधीच कापून घेतला जाणारा एन्ट्री लोड बंद केला. २०१३ च्या जानेवारीपासून वितरकाशिवाय घ्यायचे ‘डायरेक्ट’ प्लॅन आले. त्याच फंडाच्या त्याच योजनेचा खर्च तिथे कमी पडतो, कारण कमिशन वजा झालेलं असतं. कमिशन गिऱ्हाइकाच्या खिशातून जात नाही म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही प्लॅनची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, शेजारी ठेवून पाहावी. आणि २०१६ पासून सहामाही खातेपत्रकात तुमच्या वितरकाला तुमच्यामुळे किती रुपये मिळाले तो आकडा छापून येतो. टक्के नव्हे, रुपये. अॅफिलिएट मंडळींना ज्यांच्या पंक्तीला बसायचंय ते हे सगळं सोसून बसलेत. यांना पंगत हवी, पान मांडायला नको.

आणि कमिशनाशिवाय सल्ला असू शकतो, हे तरी मराठी माणसाला शिकवायला नको. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत घरोघरच्या संघांना एकत्र करून महिन्याचं सामान वाटते आहे. कुठला माल घ्यायचा हे तिथे सभासदच ठरवत आले, आणि त्यांच्या मतावर कुणाचं कमिशन अवलंबून नव्हतं. ती माणसं आज कदाचित जुनाट वाटतील. ‘पॅसिव्ह इन्कम’ हा शब्द त्यांना माहीत नव्हता.

राहिला रोजगाराचा प्रश्न. तिथे माझा राग सर्वांत जास्त आहे, कारण इथे गरजेचा व्यापार चालतो. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारं, भरती परीक्षांची वाट पाहणारं पोरगं गाठायचं. त्याला ‘अॅफिलिएट मार्केटिंग शिका’ म्हणून काही हजारांचं पॅकेज विकायचं. महागडं घेतलं तर जास्त कमिशन, म्हणून घरी सांगून किंवा न सांगता तो महागडं घेतो. शिकवतात काय? तेच पॅकेज पुढच्याला कसं विकायचं. गाडीशेजारचा फोटो कुठल्या कोनातून काढायचा, कमाईचा स्क्रीनशॉट स्टेटसला कधी ठेवायचा, नाही म्हणणाऱ्या मित्राला ‘तुझी मानसिकताच गरीब आहे’ असं कसं सुनवायचं. वस्तू कुठे आहे? वस्तू म्हणजे तो स्वतः आणि त्याचे मामेभाऊ.

असल्या साखळ्या बेकायदा ठरवणारा कायदा १९७८ चा आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांवर पुन्हा बंदी घातली आहे. आठवण ताजी असायला हवी. २०११ मध्ये स्पीक एशिया या कंपनीने ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या सर्वेक्षणं भरून कमवा म्हणत घरंच्या घरं ओढली होती, आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला तपास करावा लागला होता. तेव्हा सर्वेक्षण होतं, आता कोर्स आहे. ‘हे खरं अॅफिलिएट मार्केटिंग नव्हे’ असं खरं अॅफिलिएट मार्केटिंग करणारे खासगीत सांगतात. जाहीरपणे का नाही सांगत? कारण त्यांतल्या बऱ्याच जणांचेही कोर्स आहेत.

आणि ज्याला खरं म्हणतात तिथे तरी पाया कसला? १९९६ पासून चाललेली अॅमेझॉनची योजना घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, अॅमेझॉनने अमेरिकेत कमिशनचे दर कापले. फर्निचरचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आला, किराण्याचा ५ वरून १ वर. सूचना आठवडाभराची. विचारलं कुणाला? ज्याला आपण स्वतःचा उद्योग समजत होतो ती कुणाच्या तरी जमाखर्चातली एक ओळ आहे, हे अनेकांना त्या आठवड्यात कळलं. त्याला घरबसल्या स्वातंत्र्य म्हणून पोरांना विकू नका.

प्रतिष्ठा हवी आहे ना, मग चार गोष्टी करा. विक्रीमागे किती रुपये मिळतात तो आकडा लिंकच्या शेजारी मराठीत लिहा. वस्तू विकत घेतली, फुकट आली की परत करायची आहे, ते पहिल्या मिनिटात बोला. ज्या वस्तूवर कमिशन नाही पण जी जास्त चांगली आहे तिचं नाव त्याच यादीत घ्या. आणि गरज नसेल तर घेऊ नका, हे वर्षातून एकदा तरी म्हणून दाखवा. यासाठी सेबी लागत नाही, परवाना लागत नाही, कुठल्या कंपनीचा करार दर सांगू देत नसेल तर तेवढंही सांगता येईल. तरी कुणी करत नाही, कारण आकडा दिसला की गिऱ्हाईक थबकेल आणि विक्री पडेल, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला कळल्यावर जो व्यवहार मोडतो तो त्याच्या नुकसानीचा नाही, हे आधी सिद्ध करा. मानाचं नंतर बोलू.